वेगाची असूया आणि दोन मीटरचा पट्टा

महोदय,

सायकलींसाठी राखलेल्या पट्ट्यात बॅटरीवर चालणाऱ्या दुचाक्यांना येऊ देऊ नये, असे मी गेल्या महिन्यात लिहिले होते. त्यावर भुसावळहून ‘एक रोजचा प्रवासी’ या नावाने आपली सविस्तर प्रतिक्रिया आली. ती वाचल्या वाचल्या उत्तर लिहिले असते, तर ते इतरांपुढे ठेवण्याजोगे झाले नसते. म्हणून चार दिवस थांबलो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल, त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात देतो. आपले म्हणणे असे, की मी ‘ई-बाईक’ या एकाच शब्दात भिन्न प्रकारच्या गाड्या कोंबल्या. महामार्गावरच्या ट्रकना घाबरून बिचारा स्कूटरवाला कडेच्या पट्ट्यात शिरतो, हे मी पाहिले नाही. खानदेशच्या उन्हात दहा-पंधरा किलोमीटर पायडल मारणे नोकरदाराला परवडत नाही. आणि कोपनहेगनमध्ये तर मोपेडही सायकलमार्गावरून चालतात. एवढे सगळे लिहून झाल्यावर आपण शेवटी एक वाक्य जोडले आहे, ते जसेच्या तसे देतो: ‘तुमचा आक्षेप सुरक्षिततेचा नाहीच, मागे पडत चाललेल्या माणसाला वाटणाऱ्या वेगाच्या असूयेचा आहे, आणि एकदा पडलात म्हणून साऱ्या शहराला तुमच्या चालीने चालायला लावू नका.’

पहिल्या मुद्द्यापुरते आपले बरोबर आहे, आणि ते मान्य करायला मला संकोच नाही. पायडल मारले तरच मोटार हातभार लावते अशी सायकल, आणि मूठ पिळली की पळणारी स्कूटर, यांना एकच नाव देणे ही माझी चूक होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची दुचाकी मोटार वाहनात धरत नाहीत, हेही मी लिहायला हवे होते. तो शब्द मी मूळ लेखात आजच दुरुस्त केला आहे. माझ्याकडून प्रामाणिक दुरुस्ती होते, एवढे तरी आपण नोंदवून घ्यावे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो.

असूया. हा शब्द आपण सहज लिहून गेलात. महोदय, मी नशिराबादचा. कॉलेजला जळगावला यायचो ते वडिलांच्या जुन्या, काळ्या, दांडीच्या सायकलवरून. जायला साधारण दहा किलोमीटर, यायला तेवढेच, आणि येताना उन्हाळी वारा तोंडावर. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा होता. आज त्याला 53 म्हणतात. कापसाच्या गाठींनी दोन्ही बाजूंना फुगलेले ट्रक मागून आले, की कर्कश हॉर्नच्या आधी त्यांच्या वाऱ्याचा धक्का पाठीला लागायचा आणि आम्ही पोरे डांबर सोडून मुरमात उतरायचो. मुरमात पुढचे चाक रुतले की सायकल आडवी. एकदा डब्यातली भाजी सगळ्या वह्यांना लागली होती. त्या वह्यांतली एक मी अजून जपून ठेवली आहे. मागून येणाऱ्या वेगाला काय वाटते ते मला ठाऊक नाही. पण वेग ज्याच्या मागून येतो त्याला काय वाटते, हे मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून जाणतो. त्याला असूया म्हणत नाहीत. आमच्याकडे त्याला जीव मुठीत धरणे म्हणतात.

पुढे 31 वर्षे मी भौतिकशास्त्र शिकवले. नववीच्या वर्गात गतिज ऊर्जेचे सूत्र आले, की फळ्यावर मी हेच उदाहरण देत असे. तेव्हा त्यात विजेची स्कूटर नव्हती, लूना होती. आकडे आपल्यासाठी पुन्हा मांडतो. माणूस 70 किलोचा आणि सायकल 15 किलोची धरू. वेग ताशी 14 किलोमीटर. दुसरीकडे तोच माणूस 110 किलोच्या विजेच्या स्कूटरवर, वेग ताशी 40. वस्तुमान दुपटीहून थोडे अधिक झाले. वेग तिप्पटही झाला नाही. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून गुणाकार करून पाहिले तर स्कूटरची ऊर्जा सायकलच्या सुमारे 17 पट भरते. (सतरा हा आकडा जळगावकराला पालिकेच्या सतरा मजली इमारतीमुळे पाठच असतो, तेव्हा लक्षात राहायला अडचण नाही.) धडक झाली तर ही ऊर्जा कुठेतरी जाते; मनगटात, गुडघ्यात, कवटीत. आता पायडलला हातभार लावणारी, 22 किलोची, ताशी 25 ने चालणारी सायकल घ्या: तिचा गुणक साडेतीनच्या आसपास येतो. साडेतीन आणि सतरा यांत जो फरक आहे, तोच माझ्या लेखाचा विषय होता. यात असूया नेमक्या कोणत्या पायरीवर शिरते, ते आपण दाखवून द्यावे. मी वर्गात विद्यार्थ्यांनाही चूक दाखवण्याची मुभा देत असे.

ऊर्जेइतकाच प्रश्न वेळेचा आहे, आणि आपण त्याला स्पर्शही केलेला नाही. ताशी 14 आणि ताशी 40 यांतला फरक 26, म्हणजे सेकंदाला सात मीटरहून थोडा जास्त. सायकलला आरसा नसतो. खड्डा चुकवायला किंवा पट्ट्यात उभ्या असलेल्या भाजीच्या हातगाडीला वळसा घालायला सायकलवाला मान वळवून मागे बघतो, मागे कोणी नाही अशी खात्री करतो आणि तीन सेकंदांनी उजवीकडे सरकतो. त्या तीन सेकंदांत मागची स्कूटर वीसबावीस मीटर जवळ आलेली असते. पेट्रोलची गाडी असती तर निदान आवाजाने कळले असते. विजेच्या गाडीचा आवाज येतो तो ती अगदी पाठीशी आल्यावर, आणि घंटी तिला नसतेच.

आणि पट्टा किती रुंद? भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने 1962 साली सायकलमार्गांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात मार्ग किमान दोन मीटर रुंद असावा आणि एकमेकांना मागे टाकून जाण्याची सोय हवी असेल तर तीन मीटर असावा, असे सांगितले आहे. हे सायकलने सायकलला ओलांडण्यापुरते माप आहे. स्कूटरच्या हँडलची रुंदी आणि तिच्यावर मागे बसलेल्याच्या मांडीवरची पिशवी धरली, तर आपल्याकडे ज्याला पट्टा म्हणतात त्यात ओलांडायला उरते काय? हे माप मी मनाने काढलेले नाही, आणि ज्यांनी काढले ते माझ्या चालीने चालणारे म्हातारे नव्हते.

राहिले ‘एकदा पडलात’ हे शब्द. होय, पडलो. जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठच्या वाटेवर सकाळी सव्वासहाला विजेच्या गाडीची धडक बसली, डाव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. गाडी चालवणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने थांबून मला उचलले, पाणी दिले, ‘आबा, तुम्ही दिसलेच नाहीत’ असे तीनदा म्हणाला. तो उद्धट असता तर माझे काम सोपे झाले असते. त्याच्या गाडीला नंबरप्लेट नव्हती, कारण ती कागदावर ताशी 25 च्या आतली होती. आणि ती त्या वेळी 25 च्या आत नव्हती, हे सांगायला मला भौतिकशास्त्राची गरज नाही. अशा, विकताना एक वेग आणि रस्त्यावर दुसरा वेग असलेल्या गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने 2022 साली तपासणीची मोहीम काढली होती, तेव्हा हा माझ्या एकट्याच्या मनगटाचा प्रश्न नाही. पण तो माझ्या मनगटाचाही प्रश्न आहे, आणि आपण ज्या सहजपणे ‘एकदा पडलात म्हणून’ असे लिहिले, तो सहजपणा मला आपल्या सर्व मुद्द्यांपेक्षा अधिक बोलका वाटला. आपण चेहरा आणि नाव झाकून लिहिता. मी माझ्या नावाने लिहितो. मोडलेल्या हाडाची टिंगल करण्यापूर्वी एवढा फरक ध्यानात घ्यायला हवा होता.

कोपनहेगनविषयी. डेन्मार्कमध्ये ताशी 30 च्या मर्यादेतल्या छोट्या मोपेडना सायकलमार्गावर जागा आहे, हे खरे. ताशी 45 वाल्या मोठ्या मोपेडना नाही, हे आपण सांगितले नाही, किंवा आपल्याला ठाऊक नसावे. आणि उदाहरणच द्यायचे तर नेदरलँड्सचे का टाळलेत? तिथे डिसेंबर 1999 मध्ये 45 वाल्या मोपेड शहरांतल्या सायकलमार्गांवरून काढून रस्त्यावर आणल्या. ताशी 25 ची मर्यादा असलेल्या हलक्या मोपेड मात्र सायकलमार्गावरच राहिल्या. एप्रिल 2019 मध्ये ॲमस्टरडॅमने त्यांनाही रिंगरोडच्या आत मुख्य रस्त्यावर पाठवले आणि हेल्मेट सक्तीचे केले. ताशी 45 पर्यंत जोर देणारी विजेची सायकल तिथे 2017 पासून मोपेडच मानली जाते. ज्या देशाने सायकलींसाठी उभे आयुष्य घालवले, त्याला वीस वर्षांत जे उमगले, ते आपण एका ओळीत ‘परदेशात चालते’ म्हणून उडवून लावता. अर्थात तिथला पट्टा आणि इथला पट्टा यांची तुलनाच चुकीची आहे. इथे अर्ध्या पट्ट्यात डांबराचे पिंप असते आणि उरलेल्या अर्ध्यात लग्नाच्या मांडवाचा खांब. दिल्लीच्या 2008 च्या बीआरटी (बसला वेगळी मार्गिका राखलेल्या) मार्गावरचे सायकलपट्टे मोटरसायकलवाल्यांनी कसे ताब्यात घेतले, ते तिथल्या सायकलवाल्यांना विचारावे. पुण्याला जाणे झाले तर तिथल्या पट्ट्यांवर सायकली किती दिसतात आणि स्कूटर किती, तेही मोजून पाहावे.

उन्हाबद्दल आपण जे लिहिले, त्यावर मी फारसे बोलत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, हे खानदेशातल्या माणसाला खानदेशातल्याच माणसाने सांगण्याची गरज नाही. ज्याला उन्हात सायकल झेपत नाही, त्याने विजेची गाडी जरूर घ्यावी. ती कुठून चालवावी, एवढाच वाद आहे.

ट्रकच्या भीतीने स्कूटरवाला कडेला सरकतो, हा आपला मुद्दा मी ऐकला. तो महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांचा प्रश्न आहे, सायकलपट्ट्याचा नाही. समांतर रस्त्यांसाठी जळगावकर किती वर्षे भांडले, ते आपल्याला भुसावळला बसूनही माहीत असेल. एका दुबळ्याची सोय दुसऱ्या अधिक दुबळ्याच्या दोन मीटरांतून करणे हा न्याय नव्हे. याहून अधिक या मुद्द्यात मला काही दिसत नाही. माझ्या सोळाव्या वर्षी मी ज्या मुरमात उतरत होतो, त्याच मुरमात आज तो स्कूटरवाला उतरतो, असे आपण म्हणाल, म्हणा. मी तेव्हा पायी चालणाऱ्यांना ढकलून त्यांच्या वाटेत शिरलो नाही. निदान मला तसे आठवत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपल्या प्रतिक्रियेत ‘सुरक्षितता’ हा शब्द तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा निरनिराळ्या पद्धतीने लिहिला गेला. मी शिक्षक होतो, त्यामुळे नजर जाते. त्यावरून आपल्याविषयी मत बनवत नाही.

माझी सूचना लेखात होती तीच पुन्हा सांगतो, कारण आपल्या रागात ती हरवली. पायडल मारल्याशिवाय न चालणारी आणि 25 ला आपोआप जोर थांबवणारी सायकल पट्ट्यात यावी. मूठ पिळून चालणारी कोणतीही गाडी येऊ नये, मग तिला नंबरप्लेट असो वा नसो. पोलिसाला वेगमापक लागणार नाही, नुसते पायांकडे बघितले तरी कळेल. त्यातही पळवाटा निघतील. पायडल नुसते शोभेला लावलेल्या गाड्या मी याच शहरात पाहिल्या आहेत. पण आज जी अवस्था आहे, तिच्यापेक्षा ते बरे.

आपण लिहिलेत की मला रोजचा प्रवास काय असतो ते कळत नाही. येत्या रविवारी पहाटे पावणेसहाला मी मेहरूणच्या काठी असेन. मनगट आता ठीक आहे. आपण या, मी आपल्यासाठी माझ्या पुतण्याची सायकल आणून ठेवतो. आपण पुढे चला, मी मागून येईन आणि कुणा एखाद्या मुलाला त्याची विजेची गाडी आपल्या शेजारून चाळीसने न्यायला सांगेन. नाही, हे शेवटचे मी करणार नाही; लिहिताना मोह झाला. पण या मात्र. स्वतःची गाडी घेऊन आलात तरी चालेल, फक्त ती बाहेर रस्त्यावर लावावी.