कोस्टर हवी आहे, पण तोरणमाळात नको

गेल्या जून महिन्यात अमेरिकेत मुलीकडे असताना टेनेसी राज्यातील पिजन फोर्ज या गावी मी माउंटन कोस्टरमध्ये बसलो, एकदा दुपारी आणि एकदा रात्री, आणि त्याची दोन मिनिटांची चित्रफीत शहाद्याच्या आमच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. त्यानंतर गटावर जे सुरू झाले ते अजून थांबलेले नाही. अशी गाडी सातपुड्यातील आपल्या तोरणमाळला झालीच पाहिजे असे एकाने लिहिले, दुसऱ्याने निवेदनाचा मसुदा केला, तिसऱ्याने त्यात 'रात्री दहापर्यंत सुरू राहावी' ही ओळ घातली, आणि चित्रफीत माझी असल्यामुळे पहिली सहीही माझीच असणार हे सर्वांनी गृहीत धरले. मी सही का केली नाही हे गटावर चार ओळींत सांगता येईना, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी तिची रचना सांगतो. तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला हा मोह आवरत नाही. जत्रेतल्या किंवा करमणूक उद्यानातल्या रोलर कोस्टरपेक्षा ही वेगळी असते. डोंगराच्या उतारावर, झाडांच्या मधून वाट काढत, खांबांवर पोलादी नळ्यांचे रूळ टाकलेले असतात आणि त्यावर एकट्यादुकट्याने बसायची छोटी गाडी असते. तारेच्या साहाय्याने ती सावकाश माथ्यावर ओढली जाते आणि तेथून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते. दोन्ही बाजूंना दांडे असतात. ते पुढे ढकलले की गाडी मोकळी सुटते, मागे ओढले की ब्रेक लागतो. चाके रुळांना वरून आणि खालून धरून असल्यामुळे गाडी उडून जाण्याची भीती नसते. युरोपातील बर्फावरच्या खेळांची केंद्रे उन्हाळ्यात ओस पडत, त्यांना त्या काळातही गिऱ्हाईक मिळावे या गरजेतून हा प्रकार वाढला, आणि जर्मनीतील वीगान्ड कंपनीने १९९० च्या दशकात त्याला आजचे रुळांचे रूप दिले. ऑस्ट्रियातील इम्स्ट येथील मार्ग सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे.

घर्षण आणि हवेचा विरोध शून्य धरला, तर शंभर मीटर उंचीवरून सुटलेली गाडी पायथ्याशी ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने पोहोचेल. प्रत्यक्षात वेग ताशी चाळीसच्या आसपास राहतो, कारण चाकांबरोबर फिरणारा केंद्रोत्सारी ब्रेक वेग वाढताच आपोआप आवळला जातो. चाळीस म्हणजे काहीच नव्हे. शहादा-दोंडाईचा रस्त्यावर आपली एसटी याहून जोरात धावते. तरीही त्या गाडीत पोटात खड्डा पडतो. असे का होते, याचे उत्तर मला दुपारच्या फेरीत मिळाले, आणि माझ्या विरोधाचे मूळही तेथेच आहे.

दुपारी नातू पुढे बसला आणि मी मागे, दांडे धरून. वर जायला पाच-सहा मिनिटे लागली असतील आणि मला तोच भाग सर्वाधिक आवडला. गाडी इतकी संथ चढत होती की ओकच्या सालीवरचे शेवाळ नीट पाहता येत होते. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती, त्यामुळे खालच्या दरीतून धूसर निळसर वाफ उठत होती. त्या डोंगरांना 'स्मोकी', म्हणजे धुरकट, का म्हणतात हे पुस्तकातून सांगण्याची गरज उरली नाही. मग माथा आला, तारेचा खडखडाट थांबला, क्षणभर काहीच ऐकू आले नाही, आणि आम्ही सुटलो. वळणावर एखादे खोड अंगावर आल्यासारखे वाटे आणि शेवटच्या क्षणी बाजूला सरके. आपण किती वेगात आहोत हे शरीर अंगाजवळून मागे पळणाऱ्या वस्तूंवरून ठरवते. मोकळ्या माळावरचे चाळीस आणि हातभर अंतरावरून झाडे मागे पडतानाचे चाळीस हे दोन वेगळे अनुभव आहेत. त्या खेळाचा सगळा थरार झाडे पुरवतात, रूळ फक्त आपल्याला त्यांच्यामधून नेतात. मी दोन वळणांवर ब्रेक ओढला, त्याबद्दल नातवाने पुढे दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. खाली बाकावर बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी मात्र एकच प्रश्न विचारला: "इतला पैसा देईसन भ्यावाले कसाले जावानं?" यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते.

रात्रीची फेरी मी एकट्याने केली. जूनमध्ये तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खरा अंधार पडायला साडेनऊ झाले. रुळांच्या कडेने रंगीत दिव्यांच्या माळा लावलेल्या होत्या. जांभळा, हिरवा, निळा असे रंग डोळ्यांवर येऊन आदळत आणि त्यांच्या पलीकडे काहीही दिसत नसे. भीती दुप्पट झाली आणि मजाही दुप्पट झाली, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पुढचे वळण डावीकडे आहे की उजवीकडे हे अंग कलंडल्यावरच कळत होते. पण खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आले की या फेरीत मी एकही झाड पाहिले नाही. तीच फेरी एखाद्या मोठ्या शेडमध्ये अंधार करून घेतली असती, तरी फारसा फरक पडला नसता.

एक अपवाद होता. वर चढताना एका ठिकाणी दिव्यांची माळ बंद पडलेली होती, पंधरा-वीस मीटरचा काळोखा पट्टा असेल. तेवढ्यात खालच्या झुडपांमध्ये काजवे दिसले. गाडी पुढे सरकली, पुढचे दिवे लागले आणि काजवे नाहीसे झाले. ते तेथेच होते, फक्त आता दिसत नव्हते. त्याच डोंगररांगेतील राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाची जागा आहे, जेथील काजवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी चमकतात आणि एकाच वेळी विझतात. ते पाहण्यासाठी मे अखेर आणि जूनच्या त्या मोजक्या रात्री वाहनांचे परवाने सोडत काढून देतात, आणि आलेल्या माणसांना विजेरीवर लाल कागद लावायला सांगतात, कारण नर आणि मादी एकमेकांना प्रकाशानेच ओळखतात आणि आपला प्रकाश त्यांच्या बोलण्यात व्यत्यय आणतो. आमचा सोडतीत नंबर लागला नाही. मी त्या रात्री पाहिले ते साधेच काजवे, पण पुरेसे होते.

आता तोरणमाळकडे वळतो. माझ्या मित्रांना वाटते की अमेरिकन लोकांनी त्यांच्या सर्वांत सुंदर जंगलात कोस्टर उभारली आणि आपण मागे राहिलो. ही समजूत चुकीची आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान १९३४ साली स्थापन झाले, वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास लोक तेथे येतात, आणि त्या उद्यानात एकही कोस्टर नाही. ज्या गावांत त्या आहेत ती गावे उद्यानाच्या हद्दीबाहेर आहेत. तेथे उपाहारगृहे, मेणाचे पुतळे, कारंजी, काय वाटेल ते आहे. त्या गावांचा दिखाऊपणा मला फारसा रुचला नाही, पण दोहोंमधली रेघ रुचली. आपण मात्र पहिले बोट ठेवतो ते थेट तोरणमाळवर, कारण आपल्याला जंगल म्हटले की तेच आठवते, आणि तेच उरलेलेही आहे.

'रुळांसाठी झाडे तोडावी लागत नाहीत' हा मसुद्यातील मुद्दा अर्धा खरा आहे. रूळ झाडांमधून वळवता येतात, खांबांचे पायेही लहान असतात. पण झाडे रुळांखाली जात नाहीत, ती वाहनतळाखाली, हॉटेलांखाली आणि रुंद केलेल्या रस्त्याखाली जातात. महाशिवरात्रीच्या यात्रेत सातपायरी घाटातील गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ती रांग रोजची झाल्याची कल्पना करून पाहावी.

मीही आधी मनात तडजोड केली होती की रात्र वगळून फक्त दिवसा चालवली तर काय हरकत आहे. ती तडजोड रानपिंगळ्याने मोडली. १८८४ नंतर या पक्ष्याचा एकही खात्रीलायक नमुना मिळालेला नव्हता आणि तो नामशेष झाला असे अनेकांनी धरून ठेवले होते. मध्यंतरीचा एक नमुना पुढे आला होता, पण तो चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा सापडला, आणि तो आपल्या शहाद्याजवळ सापडला, जेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हाही झालेला नव्हता. तोरणमाळच्या जंगलातही त्याचा वावर आहे. हा घुबडाच्या कुळातला पक्षी असूनही दिवसाउजेडी शिकार करतो. म्हणजे रात्री अस्वले आणि काजवे, दिवसा रानपिंगळा. गाडी चालवायला मोकळी वेळ राहतेच कोठे?

मग ती उघड्या डोंगरांवर करा, असे कोणी म्हणेल. खानदेशात बोडके डोंगर हवे तितके आहेत. पण वर सांगितल्याप्रमाणे झाडांशिवाय ती गाडी म्हणजे उन्हात तापलेली घसरगुंडी होईल, आणि एप्रिलच्या पंचेचाळीस अंशांत तिच्यावर कोणी बसणार नाही. आधी झाडे हवीत. हे ऐकून लोक हसतात, परंतु मी पाहिलेले टेनेसीतील जंगलही बव्हंशी पुन्हा वाढलेले आहे; उद्यान होण्यापूर्वी लाकूड कंपन्यांनी तेथील मोठा भाग साफ केला होता. इतके लांब जाण्याचीही गरज नाही. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या लोकांनी चैत्राम पवारांच्या पुढाकाराने उजाड झालेले जंगल एका पिढीत पुन्हा उभे केले, आणि पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी ते कोस्टरसाठी केले नाही, हे मला ठाऊक आहे. शहराजवळच्या एखाद्या बोडक्या टेकडीवर आज अंजन, सालई आणि साग लावले, तर वीस वर्षांनी त्यांच्यामधून रूळ वळवता येतील. तेव्हा मी असेन किंवा नसेन. नातू तीस वर्षांचा असेल आणि ब्रेक न ओढता खाली येईल.

गटावर फिरणाऱ्या मसुद्यात 'तोरणमाळ' हा शब्द खोडून त्या जागी अशी एखादी टेकडी लिहावी, 'रात्री दहापर्यंत' ही ओळ काढावी, आणि रुळांच्या आधी रोपांची मागणी घालावी. एवढा बदल केलेला कागद घरी पाठवा, पहिली सही माझी.