'इन, ऑन, अंडर' चुकतं ते घरातल्या मराठीमुळे नव्हे

जूनमध्ये शाळा भरली की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा चार-पाच आयांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "बाई, ह्यां खरां काय?" मालवणच्या आसपासच्या एका मराठी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते, म्हणून हे उत्तर.

मेसेज थोडक्यात असा: वस्तू कुठे आहे हे इंग्रजीत सांगताना मूल चुकतं, कारण तुम्ही घरात मराठी बोलता. तेव्हा घरात मराठी बंद करा. 'वर म्हणजे ऑन, मध्ये म्हणजे इन, खाली म्हणजे अंडर' हा तक्ता पाठ करून घ्या. टोपलीत चेंडू ठेवायला सांगून परीक्षा घ्या. चूक झाली की तिथेच थांबवून सुधारा. सात दिवसांत फरक दिसेल.

आधी तक्ता, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. आपलं 'वर' किती ठिकाणी चालतं बघा. टेबलावर पुस्तक, तिथे 'ऑन'. डोक्यावर पंखा, तिथे 'अबव्ह' किंवा 'ओव्हर'. माडावर नारळ म्हटलं की 'ऑन', पण त्याच माडावर कावळा येऊन बसला की इंग्रजी माणूस 'इन द ट्री' म्हणतो. आपण रिक्षात बसतो आणि एसटीतही बसतो. इंग्रजीत रिक्षाला 'इन', एसटीला बहुधा 'ऑन'. आणि 'मालवणला' तर तक्त्यात कुठेच बसत नाही. "मामा मालवणला आहे" आणि "मामा मालवणला गेला", दोन्हीकडे तोच 'ला'. इंग्रजीत पहिल्याला 'इन', दुसऱ्याला 'टू'. तक्ता पाठ केलेलं मूल इथे अडकतं आणि आपण म्हणतो, त्याला इंग्रजी जमत नाही.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे. मुलं "कॅट चेअर अंडर" म्हणतात. आपली शब्दयोगी अव्ययं नामानंतर लागतात, इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी येतो. पण त्यावर उपाय म्हणून सुटे शब्द पाठ करून घेतले तर ही चूक वाढणारच! मुलाकडे 'अंडर' सुटा आहे, 'चेअर' सुटा आहे, मग ते मराठीच्या क्रमाने जोडणार. मी सुटा शब्द शिकवतच नाही. 'अंडर द चेअर' हा एकच घास. तो तसाच तोंडात बसला की क्रम वेगळा शिकवावा लागत नाही.

घरातली मराठी आड येते म्हणावं, तर मुलं भाषा कशी शिकतात हे अभ्यासणाऱ्या जॉन्स्टन आणि स्लोबिन यांचा १९७९ सालचा अभ्यास बघा. इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या लहान मुलांवर तो झाला. चारही भाषांत क्रम साधारण एकच निघाला: आत, वर, खाली, शेजारी हे आधी, दोघांच्या मध्ये हे नंतर, घरासारखी स्वतःची पुढली-मागली बाजू असलेल्या वस्तूंचं पुढे-मागेही तेव्हाच, आणि अशी बाजू नसलेल्या वस्तूंचं पुढे-मागे त्याच्याही नंतर. तुर्कीत हे शब्द आपल्यासारखेच नामामागून येतात, तरी ती मुलं इंग्रजी मुलांच्या मागे नव्हती. अभ्यास मातृभाषेचा आहे हे खरं. पण त्यातून एवढं दिसतं की आधी जागेची समज येते, मग तिला शब्द मिळतो. ही समज पोराला घरातच येते, आजीने "सूप खयं आसा?" विचारल्यावर ते "पडवीत" म्हणतं तेव्हा. ती भाषा बंद केलीत तर इंग्रजी शब्द अडकवायचा कुठे?

टोपलीच्या परीक्षेवर माझाही बरीच वर्षं विश्वास होता. "पुट द मँगो इन द बास्केट" म्हटलं की सगळा वर्ग बरोबर. मग एकदा त्याच टोपलीला धरून 'ऑन' म्हटलं, तर पहिलीतल्या एका मुलीने आंबा परत आतच ठेवला आणि हसून माझ्याकडे बघितलं. 'अंडर' म्हटलं, तरी आत. तिला 'इन' कळलंच नव्हतं; टोपली दिसली की आत ठेवायचं, एवढंच ती करत होती. भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी १९७३ साली लहान मुलांबद्दल हेच मांडलं होतं: पोकळ भांडं असेल तर मूल वस्तू आत ठेवतं, सपाट जागा असेल तर वर. आता मी टोपली पालथी घालते. आंबा टोपलीवर, टोपलीखाली, टोपलीमागे, आणि शेवटी टोपली सुलटी करून आत. ऐकून ठेवणारं मूल आणि नुसतं बघून ठेवणारं मूल लगेच वेगळं दिसतं.

'बिहाइंड'ला तर अंगणच हवं. घराला स्वतःचं पुढलं दार आहे, त्यामुळे खळं, म्हणजे पुढलं अंगण, नेहमी घराच्या पुढेच. माडाला ना पुढलं दार ना मागलं. मी रस्त्याकडून बघितलं तर मूल माडामागे, आणि विहिरीकडे गेले की तेच मूल माडापुढे. लपंडाव खेळताना मुलांना हे उमगतं, वहीतल्या चित्रात नाही.

सात दिवसांचं काही खरं नाही. माझ्या वर्गात 'बिट्वीन' बसायला दिवाळी उजाडते.

राहिलं चूक थांबवणं. मूल "कॅट चेअर अंडर" म्हणालं की मी "येस, द कॅट इज अंडर द चेअर" म्हणते आणि पुढे जाते. थांबवलेलं मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

ज्या आयांनी विचारलं त्यांना सांगते: आज रात्री ओटीवर चपला, तांब्या, पाट असं काहीही घ्या. आधी आपल्या भाषेत "खयं आसा?" विचारा. पोराने बरोबर सांगितलं की मगच "व्हेअर इज इट?" म्हणा, आणि 'ऑन द पाट' म्हणालं तरी चालेल.