चेहरा सरळ धरा, फार हसू नका

गेल्या मंगळवारी रात्री पावणेअकराला, माझ्याच खात्यात शिरण्यासाठी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्याची पडताळणी करताना, मला कळले की मी ६८ टक्केच मी आहे. पास व्हायला ७५ लागतात. बायकोने विचारले, "मग उरलेला ३२ टक्के कोण?" त्याचे उत्तर अजून सापडलेले नाही. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून अनुभवाचे चार बोल.

सगळ्यात आधी, म्हातारे होऊ नका. ओळखपत्रावरचा फोटो ज्या दिवशी काढला, त्या दिवसाला चिकटून राहा. माझ्या फोटोत दाट केस आणि मिशी आहे. आता दोन्ही नाहीत. चूक अर्थात माझीच.

मोबाइल नंबर जन्मात बदलू नका.

नावाच्या बाबतीत तर फारच जपा. एका कागदावर मधले नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, तिसऱ्यावर दोन शब्दांमधली जागाच गायब. चूक टाइप करणाऱ्याची, खुलासा मात्र तुम्ही करायचा.

गुप्त प्रश्नाचे उत्तर पाठ ठेवा. आईचे माहेरचे आडनाव हे म्हणे गुपित! अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७च्या नियमावलीत असले प्रश्न ओळख पटवण्यासाठी बाद केले. पण तुमच्या संस्थेला ती वाचायला सवड मिळेपर्यंत पहिल्या कुत्र्याचे नाव विसरू नका. (मी कुत्रा कधी पाळलाच नाही. तेव्हा घाईघाईत काय ठोकून दिले, देव जाणे.)

आता मुख्य परीक्षा, म्हणजे तो लंबगोल. चेहरा त्यात बसवा. "जवळ या." आलो. "थोडे मागे जा." गेलो. "चष्मा काढा." काढला, आणि पुढची सूचना दिसेनाशी झाली. "डोळे मिचकवा." मिचकावले. "प्रकाश अपुरा आहे." ट्यूबलाइटखाली स्टूल ओढून बसलो, तर टकलावर चकाकी आली. हे सगळे कशाला, तर कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे की कोणी नुसता फोटो धरलाय, ते तपासायला. हेतू रास्त आहे. पण पाचव्या प्रयत्नाला मी जिवंत आहे की नाही, याची मलाच खात्री राहिली नव्हती. मग ते ६८ उमटले आणि खाते चोवीस तासांसाठी बंद झाले.

त्या आकड्याला घाबरू नका, असे मी सांगणार होतो. कारण बऱ्याचदा तो "हा माणूस खरा असण्याची शक्यता" नसतोच. यंत्र दोन चेहऱ्यांची आकड्यांची माळ करते, त्या किती जुळतात ते पाहते आणि गुण देते. कितीला पास करायचे, ते यंत्र ठरवत नाही. ती रेघ कोणीतरी खुर्चीत बसून ओढलेली असते. वर सरकवली की तोतये कमी घुसतात आणि खरी माणसे जास्त अडकतात. खाली आणली की उलटे. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेघ अजून कोणाला सापडलेली नाही. म्हणजे आपल्यापैकी किती जणांना दारातून हाकलले तरी चालेल, हे आधीच ठरलेले असते. आपल्याला मात्र सांगतात, "पडताळणी अयशस्वी." जणू नापास आपण झालो!

आणि तोतया तरी अडतो का? त्याच एनआयएसटीने २०१९मध्ये १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरे जुळवणाऱ्या संगणकी पद्धती, तपासल्या. एकाचा चेहरा दुसऱ्याशी चुकून जुळवण्याचे प्रमाण बायका, वृद्ध आणि लहान मुलांत जास्त निघाले. काही अल्गोरिदममध्ये आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या बाबतीत ते गोऱ्यांच्या दहा ते शंभर पट होते. शिवाय चेहरा लाखोंच्या गर्दीत शोधायचा असेल तर साधा हिशेब करा. दहा हजारांत एक चूक म्हणजे उत्तम वाटते ना? दहा लाख चेहऱ्यांत तीच चूक शंभर परक्यांना "तुम्ही" ठरवते. म्हणजे मला माझ्याच खात्यात शिरू न देणारे यंत्र उद्या दुसऱ्याच कोणाला माझ्या नावाने आत बसवेल, आणि वर "विश्वासार्हता उच्च" असा शिक्काही मारेल.

बास झाला उपदेश. अहो साहेब, तुम्हाला यंत्र वापरायचे तर वापरा, कोणी अडवले नाही. पण ती रेघ कोणी आणि कशाच्या आधारावर ओढली ते सांगा. किती खऱ्या माणसांना परत पाठवता, ते छापा. ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजलेत, ज्यांचा चेहरा आजाराने बदललाय, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता ठेवा. आणि तिथे एक माणूस बसवा. हाडामांसाचा, कागद हातात घेऊन वाचणारा, चुकला तर नाव सांगणारा. मी तीन दिवस फोन करतोय. प्रत्येक वेळी तोच आवाज म्हणतो, तक्रार नोंदवण्यासाठी आधी ओळख पटवा. दुवा (लिंक) येतो. दुवा उघडला की तोच लंबगोल.