लोईस आणि माझी आजी
मुलांना ख्रिस्ती विश्वास कसा द्यावा, यावरच्या तुमच्या लेखातला मुद्दा पटला: ख्रिस्ती विश्वास पाठांतरापेक्षा घरातल्या गोष्टींतून पुढच्या पिढीत जातो. आम्ही मिरजेचे. माझी आजी तांदूळ निवडता निवडता बायबलमधली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची. तिचा मेंढपाळ खांद्यावर घोंगडी टाकलेला माणदेशी धनगर असायचा. नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून तो शंभरावं शोधत निघायचा आणि ते बाभळीच्या काट्यांत अडकलेलं सापडलं, की आजीचा आवाज भरून यायचा. बायबलमध्ये प्रेषित पौलानेही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्याच विश्वासाची आठवण काढली आहे. (कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर कीर्तनातून ख्रिस्त सांगितला आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो आपल्या साताऱ्यातच.)

संडे स्कूलवर, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गावर, लेखात फारच भिस्त ठेवली आहे, ते मात्र पटलं नाही. तासाभरात मुलांना प्रश्न विचारायला सवड कुठे मिळते? माझ्या मुलीने अंथरुणात पडल्यावर विचारलं, "बाकीच्या मेंढरांना भीती नाही वाटली?" त्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. सांगली-साताऱ्याकडे कुणाच्या घरी जुन्या ख्रिस्ती कीर्तनांच्या वह्या असतील, तर कृपया माळ्यावरून काढा आणि नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवा.