फोर बाय फोर डांबरावर तपासत नाहीत: शहाद्याच्या जीपवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

शहाद्यात विक्रीला असलेल्या १९९४ सालच्या महिंद्रा एमएम ५४० जीपबद्दल मी लिहिलं, त्यावर चोपड्याच्या एका वाचकांनी माझी खरडपट्टी काढली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ते गाडी बघून आले, फोर बाय फोरचा (चारही चाकांना ताकद देणारा) लिव्हर अडकला, म्हणजे गिअरबॉक्स गेलेला आहे. गाडी शहाद्याची आणि नंबर धुळ्याचा, म्हणजे कागदात घोळ आहे. पंधरा वर्षांवरची डिझेल गाडी भंगारातच जाणार. सव्वाचार लाखांत चांगली बोलेरो मिळते. आणि मी हे सगळं दलाली खाऊन लिहिलंय.

भाऊसाहेब, लिव्हरचं आधी बोलू, कारण तेवढ्यावरून तुम्ही गाडी नापास केलीत.

तुम्हीच लिहिलंय की सारंगखेड्याच्या रोडवर फोर बाय फोर टाकून गाडी दोन-तीनदा वळवली, स्टिअरिंग जड झालं आणि लिव्हर परत येईना. येणारच नाही. या जीपमध्ये फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. शेतात, वाळूत चाक थोडं घसरतं आणि तो फरक मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये आणि दातांमध्ये साठतो आणि लिव्हर धरून ठेवतो. अशा वेळी गाडी थोडी सरळ रिव्हर्स घ्यायची, ताण सुटला की लिव्हर आपोआप मोकळा होतो. तो तसाच ओढत राहिलात तर मात्र शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जाईल, आणि त्याचं बिल मालकाच्या नावावर फाडू नका. तपासायचंच असेल तर नांगरटीत न्या. चढावर लो गिअर टाका, उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडा. लिव्हर स्वतःहून उडाला किंवा दात खरखरले, तर पैसे खुशाल कापा.

नंबराचं उत्तर सोपं आहे. शहादा आज ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. १९९४ च्या शहाद्याच्या गाडीला धुळ्याचा एमएच १८ नसता आणि नंदुरबारचा एमएच ३९ असता, तर मी स्वतः संशय घेतला असता.

भंगाराचं जे ऐकलंय ते दोन वेगळ्या गोष्टींचं कडबोळं आहे. डिझेलला दहा वर्षांची मर्यादा ही दिल्ली आणि आसपासच्या भागाची भानगड. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवून न देण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे, पण सरकारी गाड्यांना. आपल्याकडची खाजगी गाडी फिटनेसमध्ये पास झाली तर आरसी पाच-पाच वर्षांनी वाढते. या जीपची २०२९ पर्यंत आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीची आरसी वाढवायची फी २०२५ पासून १०,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च हिशोबात धराच. व्हिंटेजचा व्हीए नंबर मात्र कोणी देऊ केला तर हसून सोडून द्या, त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची लागते.

आता किंमत. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी दात बघतो, खोगीर नाही. तुमच्या प्रतिक्रियेत टायर आहेत, रंग आहे, सीटकव्हर आहे, पण चासीबद्दल, म्हणजे खालच्या सांगाड्याबद्दल, एक ओळ नाही. शहाद्याच्या ज्या मिस्त्रीला मी सोबत नेलं होतं तो पोहोचल्यापोहोचल्या म्हणाला, “रंग नको दखू भाऊ, खाले वाकीसन दख.” आपल्याकडे खानदेशात हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखा पत्रा सडत नाही. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रबर मरतं: पाट्यांचे (चाकांवरच्या स्प्रिंगांचे) बुश, रेडिएटरचे होज, ब्रेकच्या नळ्या. आणि काळी माती चासीच्या पोकळीत शिरली की पावसाळाभर ओल धरून बसते. त्यात युरियाच्या गोण्या वाहिल्या असतील तर मागचा पत्रा संपलाच समजा. या जीपच्या चासीत हात घालून बघा, पोकळी साफ आहे.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपांचं खरं दुखणं म्हणजे प्रवासी वाहतूक. टपावर, बंपरवर माणसं लटकवून जिने पोट भरलं, तिच्या पाट्यांत एखादं पान जादा घातलेलं असतं आणि हँगरजवळ वेल्डिंगचे गोळे दिसतात. इथे यातलं काही नाही. इंजिनही मूळचं, प्युजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसी, आणि त्याचा नंबर आरसीशी जुळतो. दुसरं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवून आरसीवर न चढवलेल्या गाड्या फिटनेसला अडकतात, त्या लाखभर स्वस्त मिळाल्या तरी महाग पडतात. मालक सव्वाचार मागतोय ते या सगळ्याचे. मला विचाराल तर पंधरा-वीस हजार अजून सुटतील, बुश बदलायला झालेत.

बोलेरोचं तुमचं खरं आहे. रोज चोपडा-जळगाव करायचं असेल, घरात लहान मुलं असतील, तर बोलेरोच घ्या. या जीपला एअरबॅग नाही, एसी नाही, ६२ हॉर्सपॉवरमध्ये ओव्हरटेकचा विचारही करू नये. ही गाडी तोरणमाळच्या घाटाला, पावसाळ्यातल्या शिवाराला, आणि रविवारी स्वतः हात काळे करायची हौस असणाऱ्याला.

दलालीबद्दल एवढंच, की ती घेतली असती तर डाव्या बाजूचा फूटबोर्ड नवा ठोकलाय हे लेखात छापलं नसतं.

पुन्हा जाणार असाल तर मिस्त्री तुमचाच न्या. व्यवहार ठरला तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेण्याआधी ऑनलाइन बघा, गाडीचं रेकॉर्ड धुळ्याला आहे की नंदुरबारला गेलंय. तुमचा पत्ता जळगाव आरटीओचा, म्हणजे जिथे रेकॉर्ड असेल तिथून फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला) लागेल. ती मालकाकडून आधी काढून घ्या, पूर्ण पैसे नंतर.