जिवंत कुर्ली लाल नसते हो!

पुन्हा तेच! मुलांच्या कार्टूनमधला खेकडा लालभडक, चार पायांचा, नाकासमोर सरळ चालणारा. अहो, आपल्या खाडीतल्या कांदळवनातली कुर्ली, म्हणजे खेकडाच, हिरवट-काळसर असते. लाल होते ती टोपात उकळल्यावर! कवचात अ‍ॅस्टाझँथिन हे नारिंगी-लाल रंगद्रव्य आधीपासून असतं, पण प्रथिनाला बांधलेलं, म्हणून त्याचा लाल रंग दिसत नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, रंगद्रव्य सुटतं. कोलंबीचंही तेच. काही जाती जिवंतपणीही लाल असतात, मान्य. पण मालवण-दापोलीच्या पोरांना ताटातला रंग पाण्यात कशाला दाखवता?

आणि पाय? दहा! पुढचे दोन डेंगे, म्हणजे नांग्या, मागे आठ. सांधे बाजूला वाकतात म्हणून चाल तिरकी. कुर्लीची शेवटची जोडी तर वल्ह्यासारखी चपटी, पोहण्यासाठी.

पाठीवर अंडी घेतलेली आई दाखवतात तेव्हा डोकंच फिरतं. अंडी पोटाखालच्या झडपेत असतात. मादीची झडप रुंद, गोलसर, नराची अरुंद. बाजारात डेंगे सुतळीने बांधलेत ना, एवढं बघा, कुर्ली उलटी करा, पोराला दाखवा. दोन मिनिटांचं काम. चित्र काढणाऱ्यांना एवढंही बघवत नाही?