टोचणीचा हिशेब

बनियन काढायलाही कसरत लागते, हे मला साठीनंतर कळलं. उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना, पाठीमागे तर नावच नको. रोज आंघोळीच्या वेळी बनियन डोक्यात अडकून मी मोरीच्या दारात आंधळ्यासारखा उभा राहायचो आणि बायकोला हाका मारायचो. एकदा ती कात्रीच घेऊन आली.

हाडांच्या डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर' असं बारसं केलं, व्यायाम शिकवले आणि वर्ष-दोन वर्षं धीर धरा म्हणाले. शेजारच्या काकूंनी तेल दिलं. त्यानं खांदा सुटला नाही, पण बनियन जरा सटकन निघू लागला.

अशात सोलापूरहून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, अ‍ॅक्युपंक्चर करा, सुया टोचून घ्या. आमच्या कोटणीसांची विद्या आहे ती."

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांबद्दल सोलापूरकराला जे वाटतं ते रास्तच आहे. पण 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले कोटणीस तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते, आणि 1942 मध्ये, अवघे 32 वर्षांचे असताना, तिथेच वारले. सुयांची विद्या इकडे आणली ती त्याच पथकातल्या डॉक्टर बिजॉयकुमार बसूंनी. 1958 मध्ये ते पुन्हा चीनला जाऊन ती शिकून आले आणि कलकत्त्यात टोचू लागले. हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? पथक एकच ना?" पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वेगळीच होती. मी बँकेत कॅशियर. रिझर्व्ह बँकेनं 2001 मध्ये नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला लावलं, पण त्याआधी मी किती गड्ड्यांच्या पांढऱ्या खिडकीत पिना ठोकल्या असतील, देव जाणे. ते फेडायची वेळ आली असणार.

तरी एकदाचा अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅडमनी आधी चौकशी केली. जेवून आलात ना? उपाशीपोटी चक्कर येते. रक्त पातळ करायची गोळी? पेसमेकर? मग नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि बराच वेळ न्याहाळली. माझ्या जिभेची एवढी दखल आजवर फक्त सासूबाईंनी घेतली होती.

"उजवा खांदा ना? मग पँट वर करा."

मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाचा कागद उचलला. पण नाही. गुडघा आणि घोटा यांच्या बरोबर मधोमध, नडगीच्या बाहेरच्या अंगाला खांद्याची जागा असते म्हणे. अशा एकंदर 361 जागा अंगावर मोजून ठेवलेल्या आहेत. देणं किती ते आधीच कळलेलं बरं, म्हणून विचारलं. "आज तेरा," मॅडम म्हणाल्या.

पाकीट माझ्यासमोर फोडलं. एकदा वापरून टाकून द्यायच्या सुया, जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. आमच्या पिनेपुढे अगदीच किरकोळ. बारीक नळी ठेवून वरून टिचकी मारली, तेव्हा काही कळलंसुद्धा नाही. हेच का ते, म्हणून मी हसणार तेवढ्यात त्यांनी दोन बोटांत सुई फिरवली. कुणीतरी आतून अंगठा दाबावा तशी एक जड, बोथट कळ थेट पावलापर्यंत उतरली.

"आई गं!"

"आलं का? तेच हवंय. चिनी लोक 'दे छी' म्हणतात."

आमच्याकडे 'आई गं' म्हणतात. बुडीत कर्ज वसूल झाल्यासारख्या मॅडम खूश. सुई फिरवता फिरवताच म्हणाल्या, "आता हात उचला." आणि हात कालच्यापेक्षा चार बोटं वर गेला! पायातल्या कळेपुढे खांद्याचं दुखणं विसरायला झालं असेल, असंही असेल. पण गेला.

बाकीच्या बारा टोचून, "आता पंचवीस मिनिटं हलायचं नाही" असं सांगून मॅडम पडद्याबाहेर गेल्या. तत्क्षणी नाक खाजू लागलं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सुई, हात जरा हलवला की तीच कळ. खाज आधी नाकपुडीच्या कडेला होती, मग शेंड्यावर आली, मग भुवईकडे निघाली. नाक आक्रसून पाहिलं, फुंकर मारून पाहिली. त्यातच खिशातला फोन थरथरायला लागला, सासूबाईच असणार. मी छतावरच्या पंख्याचे फेरे मोजत राहिलो आणि कधीतरी चक्क झोपलो. घोरलो, असं शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या.

सुया काढताना मॅडम मोजत होत्या. "...अकरा, बारा. झालं."

"तेरा," मी म्हणालो.

"बाराच होत्या, काका."

"मॅडम, चौतीस वर्षं कॅश सांभाळलीय. एक शॉर्ट आहे."

निघाली. खांद्याच्या मागे, चादरीच्या घडीआड. काढल्यावर रक्ताचा एक थेंब आला, आणि दुसऱ्या दिवशी तिथे मसुरीच्या डाळीएवढा निळा डाग. बाकी अंग असं ढिलं पडलं होतं की रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडलोही नाही.

पुढे परदेशातल्या मुलाचा फोन आला. जेवणं चालली होती, फोन स्पीकरवर. "बाबा, 2009 मध्ये अमेरिकेत पाठदुखीच्या 638 लोकांवर प्रयोग झाला होता. काहींना खऱ्या सुया टोचल्या आणि काहींना नळीतून नुसती टूथपिक टेकवली. दोघांनाही सारखाच आराम! आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा दोघांनाही जास्त."

मला जरा लागलंच. बायको ऐकत होती, पण तेव्हा काही बोलली नाही.

आता आठ खेपा झाल्यात. बनियन एकट्याला काढता येतो. श्रेय सुयांचं की व्यायामाचं, की असंच सहा-आठ महिने निघून गेल्याचं, ते कुठल्या खात्यावर टाकावं हे मला कळत नाही. काकू तेलाची नवी बाटली देऊन गेल्या. सासूबाईंनी तर केव्हाच कोटणीसांच्या नावे जमा करून वही मिटली.

परवा बायको म्हणाली, "हात वर जातोय ना आता? मग माळ्यावरचं पितळेचं पातेलं काढून द्या."

मी लगेच खांदा धरला. कळवळलो. चेहराही बऱ्यापैकी जमला होता.

तिनं शांतपणे जेवणाच्या टेबलावरची टूथपिकची डबी उचलली.

"कुठली नडगी?"